दाजींनी पाहिलेली जागा

आमच्या टोळीत मुक्कामाची जागा एकच माणूस ठरवायचा. माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान. मी त्यांना दाजी म्हणायचो, म्हणून हळूहळू सगळी टोळी दाजी म्हणू लागली. मुकादम त्यांच्यापेक्षा वयाने मोठा होता, तोही.

आमचं काम डोंगरातल्या जंगलात पायवाटा दुरुस्त करण्याचं. पडलेली झाडं कापून वाट मोकळी करायची, ढासळलेल्या कडा दगडांनी बांधायच्या, ओढ्यांवरचे लाकडी साकव नवे करायचे. काम बहुतेक वेळा शेवटच्या रस्त्यापासून एका दिवसाच्या चालीवर असायचं. एकदा वर गेलं की तीन आठवडे तंबूत. अकरा पुरुष आणि स्वयंपाकाला काकू. सहा तंबू.

तीन आठवडे जिथे झोपायचं ती जागा चुकली की काम चुकतं. पाणी लांब असेल तर रोज दोन माणसं पाण्यातच खर्ची पडतात. जमीन उतरती असेल तर सकाळी सगळे पाठ धरून उठतात आणि दुपारपर्यंत करवतीला जोर येत नाही. हे झालं साधं चुकणं. दुसरं चुकणं असं, की माणूस उठतच नाही.

दाजींची पद्धत ठरलेली होती. पाठीवरचं ओझं उतरवायचं, हातात फक्त काठी ठेवायची आणि जागेला एक फेरी मारायची. त्या वेळी कोणी बोलायचं नाही. बोललं तर फेरी पहिल्यापासून. मग जिथे जिथे तंबू येणार तिथे तिथे जमिनीवर उताणं झोपायचं. "उतार डोळ्याला फसवतो, पाठीला फसवत नाही," असं ते म्हणायचे. पडल्या पडल्या वर बघायचं, मनात शंभर आकडे होईपर्यंत. आमच्या जंगलात झाडं उंच, सुईसारख्या पानांची. एखादी वाळकी फांदी मोडते आणि खाली न येता दुसऱ्या फांद्यांत अडकून बसते. वर्षभरही बसते. तिला आम्ही पाहुणी म्हणायचो, कारण येताना ती कळवत नाही. शेजारच्या टोळीतला एक माणूस अशा पाहुणीखाली गेला होता. जेवता जेवता.

सहा तंबू आणि चूल, म्हणजे सात वेळा झोपणं. नवीन माणसाला हसू यायचं. "साहेब दमले, कोणीतरी उशी द्या," असं कोणीतरी म्हणायचंच. दाजी हसायचे नाहीत, रागवायचेही नाहीत. शेवटी उठून चुलीच्या जागी काठी रोवायचे. तिथे काकू तीन दगड मांडून चूल पेटवायच्या. चूल पेटली की त्या जागेबद्दल कोणी तोंड उघडायचं नाही, असा टोळीचा नेम होता. दमलेली माणसं वाद घालत बसली तर अंधार पडतो. सव्वीस वर्षं दाजींनी जागा पाहिल्या. त्यात एकदाही पेटलेली चूल हलली नव्हती.

त्या वर्षी वरच्या ओढ्यावरचे तीन साकव पावसाच्या आत नवे करायचे होते. पहाटे निघालो आणि तीनच्या सुमाराला वर पोचलो. आभाळ भरलेलं नव्हतं, पण डोंगराच्या पलीकडून वारा सुटला होता आणि थांबून थांबून वाढत होता. साडेसहाला अंधार होणार. साडेतीन तासांत जागा, तंबू, पाणी, लाकूडफाटा आणि जेवण.

पहिली जागा ओढ्याकाठची. हिरवंगार सपाट गवत. मुकादमाच्या तोंडाला पाणी सुटलं. "दाजी, इथे तर पाठीलासुद्धा विचारायला नको."

दाजींनी झुडपात हात घातला आणि फांद्यांत अडकलेला पाचोळा काढून दाखवला. जमिनीपासून गुडघाभर उंच. "पाणी इथवर येऊन गेलंय. कधी आलं ते माहीत नाही, म्हणजे कधी येईल तेही माहीत नाही. चला."

दुसरी जागा खिंडीत. तिथली सगळी झाडं वाऱ्याने एकाच बाजूला कललेली. दाजींनी ओझंही उतरवलं नाही.

तिसरी जागा उतारावरच्या एका रुंद पायरीसारखी होती. मागे उंच झाडं, पन्नास पावलांवर झरा, जमीन कोरडी. दाजींनी फेरी मारली. सात वेळा झोपले, सात वेळा उठले. शर्टाच्या पाठीला चिकटलेल्या सुया झाडल्या आणि काठी रोवली.

काकूंनी दगड मांडले. मी तंबूची बोचकी सोडत होतो. एका बोचक्याची गाठ ओढली, झोक गेला आणि मी मागे पडलो. उताणा. म्हणून वर बघितलं गेलं, नाहीतर बघितलं नसतं.

चुलीच्या बरोबर वर, तीन माणसं एकावर एक उभी केली तर जेवढी उंची होईल त्याच्या दुपटीवर, एक राखाडी फांदी होती. मांडीएवढी जाड. एक टोक बेचक्यात अडकलेलं, दुसरं मोकळं. वारा आला की मोकळं टोक वीतभर खाली यायचं आणि परत जायचं.

पहिल्यांदा मला वाटलं, मीच चुकतोय. याच जागी दाजी शंभर आकडे पडून होते. मी उठलो. काकू चूल फुंकत होत्या. धूर निघाला, मग जाळ.

दाजी बाजूला बसून बुटातला खडा काढत होते. मी शेजारी जाऊन बसलो.

"दाजी, वर नीट पाहिलंत ना?"

"सात वेळा झोपलो. तू काय झोपा काढत होतास?"

"चुलीच्या वर काय आहे?"

"फांद्या."

"कसल्या?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग चुलीच्या वर पाहिलं. डोळे बारीक केले, मान जराशी एका बाजूला केली, मग दुसऱ्या. बघणारा माणूस असं करत नाही, ऐकणारा करतो.

"तूच सांग," ते म्हणाले.

मी सांगितलं. त्यांनी किती जाड ते विचारलं, कशात अडकलीय ते विचारलं, कुठलं टोक मोकळं ते विचारलं. बूट हातातच होता.

"दिसत नाही का तुम्हाला?"

"हळू बोल."

"कधीपासून?"

"खालचं दिसतं. समोरचं दिसतं. वर आभाळाकडे बघितलं की सगळं पांढरं होतं, दूध सांडल्यासारखं." त्यांनी बूट पालथा करून झटकला. "तपासणीला तक्ता वाचायला लावतात ना, तो पाठ आहे मला. बाहेरच्या बाकावर बसलं की आधीचे लोक वाचतात ते ऐकू येतं."

मी समजलो. कार्यालयाचा नियम होता: पन्नाशीनंतर दर वर्षी डोळे तपासायचे. नापास झालेल्या माणसाला डोंगर बंद. त्याला खाली भांडारात बसवायचे, खिडकीतून फावडी, टिकाव द्यायला आणि संध्याकाळी परत घ्यायला. दाजींना शाळा नव्हती, दुसरी कसली कला नव्हती. त्यांच्याजवळ ही एकच गोष्ट होती, की अकरा माणसं त्यांच्या शब्दावर डोळे मिटून झोपायची.

"मी सांगतो मुकादमाला की जागा ओलसर लागतेय," मी म्हणालो. "तुम्ही फक्त हो म्हणा. इथून हलू. दुसरीकडे वरचं मी बघेन, तुम्हाला खूण करेन. कोणाला कळणार नाही."

दाजींनी नाडीची गाठ सोडवायला घेतली. नाही म्हणाले नाहीत. मी उठलो.

मुकादमाने माझं ऐकलं आणि कमरेवर हात ठेवले. "ओलसर? अहो मेहुणे, तुमच्या दाजींची पाठ बघा. कोरडी ठणठणीत आहे. तुम्ही कधीपासून जागा बघायला लागलात?"

दोघं-तिघं हसले. करवतवाला म्हणाला, "पडला ना मघाशी. लागलं असेल डोक्याला."

"दाजी," मुकादमाने हाक मारली, "हा काय म्हणतोय? हलायचं का?"

सगळे दाजींकडे वळले. चूल पेटलेली होती. दाजींनी बूट घातला, नाडी बांधली. "हलू या," ते म्हणाले. "मला जरा ओल वाटतेय."

झालं असं मला वाटलं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा चूल हलणार, तरी कोणी कारण विचारलं नाही. दाजींचा शब्द होता. मुकादम कुरकुरला आणि बोचकी आवळायला सांगितली.

पण ओलीला कोण घाबरतं? ओल म्हणजे सकाळी कंबर धरणार, बस. घाई कोणी केली नाही. दोघं झऱ्यावर तोंड धुवायला गेले. करवतवाला बोचक्यावर बसून बूट सैल करू लागला. आणि काकू चुलीपुढून हलेनात.

"पाणी ठेवलंय मी," त्या म्हणाल्या. "उकळू दे. सकाळपासून चालताय, घोटभर चहा घ्या आणि मग कुठे जायचं तिथे जा."

"काकू, चहा तिकडे करा," मी म्हणालो.

"तिकडे म्हणजे कुठे? जागा पाहिलीय का अजून? अर्ध्या तासाने काय ओल वाढणार आहे?"

वारा आला. मी वर पाहिलं. मोकळं टोक वीतभर नाही, हातभर खाली आलं. परत गेलं, पण पूर्वीइतकं वर गेलं नाही.

मी दाजींकडे पाहिलं. ते फांदीकडे बघत नव्हते, त्यांना ती दिसतच नव्हती. ते माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. माझ्या चेहऱ्यावरून त्यांना फांदी कळली.

"काकू, उठा!" दाजी ओरडले. त्यांचा एवढा मोठा आवाज मी तोवर ऐकला नव्हता. "पाणी राहू दे. उठा! तुमच्या डोक्यावर पाहुणी आहे."

काकू उठल्या आणि भांड्याला हात घातला.

"भांडं सोडा!"

त्या भांडं सोडून पळाल्या. करवतवाला एका पायात बूट घालून पळाला. सगळे पायरीच्या कडेला येऊन उभे राहिले आणि सगळ्यांनी माना वर केल्या. एकदा दाखवल्यावर ती न दिसणं शक्यच नव्हतं. राखाडी, सालही नसलेली, हलणारी.

मग मुकादम सावकाश म्हणाला, "दाजी, तुम्ही हिच्याखाली पडला होतात. मी बघत होतो. तुमचे डोळे उघडे होते."

इथे त्यांना अजून सुटता आलं असतं. मघाशी वारा नव्हता, पानांआड होती, आत्ताच सरकली. लोकांनी मानलं असतं. मी मनातल्या मनात म्हणत होतो, म्हणा, काहीतरी म्हणा.

"उघडे होते," दाजी म्हणाले. "मला वरचं दिसत नाही."

"आज?"

"दीड वर्ष."

मुकादम बोटांवर मोजू लागला. ओठ हलत होते, आवाज नव्हता. इतरही मोजत होते. मीही मोजलं. नऊ जागा. प्रत्येक जागी तीन आठवडे. नऊ वेळा आम्ही वर न बघता झोपलो होतो, आणि जो बघत होता त्याला दिसत नव्हतं.

काकूंचा आवाज फुटला. "माझी दोन लेकरं आहेत घरी, दाजी. दोन."

"हो."

"हो काय? सांगता आलं नाही तुम्हाला?"

"सांगितलं असतं तर खिडकीत बसवलं असतं."

"मग बसायचं होतं खिडकीत!"

दाजींनी मान खाली घातली. करवतवाला, जो सगळ्यांची टर उडवायचा, तो म्हणाला, "अकरा पुरुष आणि काकू. दाजींचे दोन सोडले तर बावीस डोळे होते ना आपले? कुठे होते?"

खरं होतं. दाजी बघतात म्हणून आम्ही बघायचं सोडून दिलं होतं. त्या नेमाने आम्हाला वाद टाळायला शिकवलं आणि मान वर करायला विसरायला लावलं.

पाच वाजून गेले होते. मुकादम म्हणाला, "आता जागा कोण बघणार?"

कोणी पुढे आलं नाही. शेवटी दाजीच म्हणाले, "खालचं मी बघतो. वरचं हा बघेल." आणि माझ्याकडे बोट केलं.

वाटेच्या वरच्या अंगाला दोनशे पावलांवर एक लहानशी मोकळी जागा होती. कमी उंचीची झाडं, जमीन बरी. दाजींनी फेरी मारली. मग पहिल्या तंबूच्या जागी उताणे झोपले आणि मला शेजारी झोपायला लावलं. सगळी टोळी बघत होती. उशीबद्दल कोणी काही बोललं नाही.

"वर काय आहे?"

"काही नाही."

"'काही नाही' हे उत्तर नाही. काय आहे ते सांग."

"झाड आहे. हिरवं."

"शेंड्यापर्यंत हिरवं?"

मी पुन्हा पाहिलं. "शेंडा वाळलाय. हातभर."

"कुठल्या अंगाला कललाय?"

"दरीच्या."

"मग चालेल. पुढचं."

घाम फुटला मला. बघणं हे काम आहे हे तोवर माहीत नव्हतं. दिवसभर करवत ओढून दंड दुखतात तसे माझे डोळे दुखू लागले. एका ठिकाणी मी ठीक आहे म्हणालो, त्यांनी तीनदा विचारलं, आणि तिसऱ्यांदा मला एका खोडाची साल सुटलेली दिसली. तो तंबू रद्द झाला, पुढे आणखी एक. सातांपैकी पाच जागा उरल्या. चार तंबू आणि चूल. सहा तंबूंची माणसं चार तंबूंत कोंबली. काठी त्यांनी मला रोवायला लावली. काकूंनी नवे दगड मांडले तेव्हा चेहरे ओळखू येण्याइतकाच उजेड उरला होता.

जेवताना कोणी दाजींशी बोललं नाही. काकूंनी त्यांना वाढलं, पण ताट हातात न देता समोर ठेवलं.

सकाळी वारा पडला होता. फांदी होती तिथेच होती. "उगाच हललो का?" असं कोणीतरी पुटपुटलं. दाजींनी दोराला दगड बांधून मोकळ्या टोकावर टाकायला सांगितलं. पाचव्या फेकीला बसला. चौघांनी लांबून ओढलं. तिसऱ्या हिसक्याला ती आली. काकूंचं भांडं चपटं झालं आणि चुलीच्या तीन दगडांपैकी एक दुभंगला. पुटपुटणारा परत पुटपुटला नाही.

मग मुकादम कार्यालयाला चिठ्ठी लिहायला बसला. दाजींना त्याच दिवशी खाली पाठवायचं होतं. "डोळ्यांचा थोडा त्रास, एवढंच लिहितो," तो म्हणाला. "बाकीचं कशाला?"

"दीड वर्ष लिहा," दाजी म्हणाले.

"अहो, चौकशी लावतील तुमच्यामागे."

"लावू देत. नऊ जागी आपल्या चुलीचे दगड पडलेत. फिरायला येणारे लोक दगड बघतात आणि तिथेच तंबू ठोकतात. त्यांना वाटतं, टोळी राहिली होती म्हणजे जागा चांगली. दीड वर्ष लिहा, म्हणजे कोणाला तरी त्या परत बघाव्या लागतील."

मुकादमाने लिहिलं. दाजींनी ते वाचून घ्यायला मला सांगितलं. मी वाचलं. सगळं बरोबर होतं.

मी खालपर्यंत सोबत येतो म्हणालो. मुकादम काही म्हणायच्या आत दाजींनीच हात हलवला. "साकवाला माणूस कमी पडेल. वाट खाली बघून चालायची असते, ते मला जमतं." ओझं पाठीवर घेतलं आणि निघाले. काकू त्या वेळी झऱ्यावर होत्या. मला वाटतं मुद्दाम.

चौकशी झाली. एका वर्षाची पगारवाढ गेली आणि खिडकी मिळाली. पुढे शस्त्रक्रिया होऊन दिसायलाही लागलं, पण डोंगरावर परत पाठवलं नाही. त्यांनीही मागितलं नाही. ताई म्हणायची, घरात आता ते सारखे छताकडे बघतात.

नऊ जागा बघायचं काम आमच्याच टोळीकडे आलं. साकव संपवून ते करायला पुढचा हंगाम उजाडला. आता प्रत्येक जण आपल्या आपल्या जागी झोपायचा आणि वर काय आहे ते मोठ्याने सांगायचा. आठ जागा चांगल्या निघाल्या. नवव्या जागी, आम्ही जिथे तीन आठवडे जेवायला गोल करून बसायचो तिथे, वर एक पाहुणी होती. तिच्या मोडलेल्या टोकावर शेवाळ धरलं होतं, म्हणजे ती जुनी होती. आम्ही जेवत होतो तेव्हाही होती.

खाली आल्यावर मी दोर परत करायला भांडाराच्या खिडकीवर गेलो. दाजी आत होते. त्यांनी दोर तपासून घेतला, वेटोळं खुंटीला लावलं. मग विचारलं, "नऊही पाहिल्या?"

सांगावं की नाही, याचा मी वाटेत विचार करून आलो होतो. ठरलं काहीच नव्हतं. पण अर्धवट सांगितलेलं त्यांना खपायचं नाही.

"आठ ठीक आहेत. एका जागी होती."

"कुठे?"

"जेवायला बसायचो तिथे."

त्यांनी खिडकीच्या कठड्यावर दोन्ही हात ठेवले. मागे माणसं रांगेत उभी होती, कोणीतरी फावडं आपटलं. दाजी तसेच उभे राहिले. मी मनात आकडे मोजू लागलो. तीसपर्यंत आलो.

"काढली?"

"काढली."

"दोर कुठल्या अंगाने ओढलात?"

"खालच्या."

"चूक," दाजी म्हणाले. "वरच्या अंगाने ओढायची. खालच्या अंगाने ओढली की ती ओढणाऱ्याच्या दिशेने घरंगळते. पुढच्या वेळी लक्षात ठेव." आणि मागच्या माणसाचं फावडं घ्यायला त्यांनी हात पुढे केला.